लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे शेतीची लोखंडी अवजारे बनवणारे आद्य मराठी उद्योजक होत. मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेतील नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. हा नांगर लाकडी नांगरापेक्षा जमीन खोल उलथत असे. मात्र लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे शेतकरी प्रारंभी तो घेण्यास कचरत. १९१० मध्ये औंध संस्थानात त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मीळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. त्या लोखंडातून नांगर घडले.