कमलाबाई निंबकर : अधू हातांना शाळेची वाट दाखवणारी उपचारिका

पेन्सिल धरणे, गुंडी लावणे, डबा उघडणे, बाकावर तोल सांभाळून बसणे या गोष्टी निरोगी मुलाच्या बाबतीत कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पोलिओने किंवा सेरेब्रल पाल्सीने हातपाय अधू झालेल्या मुलाचे शिक्षण मात्र नेमके याच ठिकाणी अडते. हा अडसर दूर करणारी व्यवसायोपचाराची विद्या भारतात रुजवण्याचे श्रेय कमला विष्णू निंबकर यांच्याकडे जाते.

त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. १९०० साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, साधी राहणी आणि सेवाभाव जपणाऱ्या क्वेकर पंथाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३० साली विष्णू निंबकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला, कमला हे नाव घेतले आणि भारत हीच आपली कर्मभूमी मानली. फलटण येथील कृषिसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे पुत्र, तर इरावती कर्वे यांच्या कन्या व लेखिका जाई निंबकर या त्यांच्या स्नुषा.

वयाची चाळिशी उलटल्यावर कमलाबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. फिलाडेल्फिया येथे जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. पोलिओची लस तेव्हा आली नव्हती. ती १९५५ साली आली. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले होते, परंतु अशा कामासाठी प्रशिक्षित माणसे देशात जवळजवळ नव्हतीच. ही उणीव ओळखून कमलाबाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातील हे पहिले विद्यालय मानले जाते.

यातील ‘व्यवसाय’ या शब्दाने अनेकांचा घोटाळा होतो. येथे अभिप्रेत आहे ते पोटापाण्याचे साधन नव्हे, तर हेतुपूर्वक केलेले कोणतेही काम. मुलाचे काम खेळणे, शिकणे आणि स्वतःचे स्वतः आवरणे हे होय. म्हणून मणी ओवता ओवता बोटांची पकड घडवायची, मातीकामातून मनगटाला बळ द्यायचे. हात सुधारण्याची मर्यादा आली की वस्तू बदलायची : पेन्सिलीला जाड मूठ बसवायची, खुर्चीची उंची जुळवायची, लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट द्यायचा. शरीर पूर्ववत होण्याची वाट पाहत शाळा थांबवायची नाही, हे या विद्येचे सार आहे.

१९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन करण्यात कमलाबाईंचा पुढाकार होता. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश झाला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशासाठी हा मान लहान नव्हता.

१९७९ साली त्यांचे निधन झाले. पुढे १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांनी अपंग मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य केला, २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. पण शाळेच्या दारात रॅम्प बांधला म्हणून वर्गातल्या मुलाच्या हाती पेन्सिल येत नाही. ती येण्यासाठी मुलाचा हात आणि त्याचा बाक दोन्ही पारखणारी जाणती नजर लागते. फलटणच्या एका शाळेला कमला निंबकर बालभवन असे नाव आहे. अधू मुलांना शाळेत नेऊ पाहणाऱ्या विदुषीचे याहून उचित स्मारक कोणते?