म्हैसूरचे महाराज आणि लंडनमधील ‘अखेरची चार गीते’

बंगळुरूच्या जुन्या किल्ल्यालगत १८९२ साली एक आखीव वसाहत वसविण्यात आली. म्हैसूरचे तत्कालीन महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावावरून तिला चामराजपेट हे नाव मिळाले. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू येथेच आहे. १९३९ साली स्थापन झालेल्या श्री रामसेवा मंडळीच्या रामनवमी संगीतोत्सवामुळे तर कर्नाटक संगीताच्या रसिकांना हा भाग देशभर परिचित आहे. ज्यांच्या नावाची ही पेठ, त्या चामराजेंद्रांचे नातू जयचामराजेंद्र वडियार हे म्हैसूरच्या गादीवरील अखेरचे राजे. मात्र पाश्चात्य संगीताच्या इतिहासात त्यांचे नाव राज्यकारभारामुळे नव्हे, तर एका गायिकेने वाद्यवृंदासह गायिलेल्या चार गीतांमुळे घेतले जाते.

जयचामराजेंद्र यांचा जन्म १८ जुलै १९१९ रोजी झाला. युवराज कंठीरव नरसिंहराज वडियार हे त्यांचे वडील, तर महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार हे चुलते. या घराण्यात संगीताची परंपरा जुनी होती. भास्करबुवा बखले यांचे गुरू, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, अखेरच्या काळात म्हैसूर दरबारी होते. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांनाही या दरबाराने गौरविले होते. राजवाड्यात कर्नाटक संगीताबरोबरच पाश्चात्य वाद्यांचे पथकही असे. अशा वातावरणात वाढलेल्या या राजपुत्राचे मन पियानोवर जडले. १९३८ साली म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातून ते पदवीधर झाले व पुढील वर्षी त्यांनी युरोपचा प्रवास केला. मैफली गाजविणारा पियानोवादक होण्याची त्यांची मनीषा होती.

ती पूर्ण व्हायची नव्हती. मार्च १९४० मध्ये वडिलांचे आणि ऑगस्टमध्ये चुलत्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जयचामराजेंद्र गादीवर बसले. राज्यकारभार सांभाळूनही त्यांनी पियानोचे शिक्षण सोडले नाही. १९४५ साली लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयाची पदविका त्यांना मिळाली, तसेच ट्रिनिटी संगीत महाविद्यालयाने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. पण वादनाची जागा हळूहळू श्रवणाने घेतली. त्यांच्या संग्रहातील ध्वनिमुद्रिकांची संख्या सुमारे वीस हजार असल्याचा अंदाज त्या काळी वर्तविला जात असे.

या संग्रहात एक उणीव त्यांना खटकत होती. लंडनमध्ये उपेक्षित जिणे जगणारे रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर यांच्या रचनांच्या ध्वनिमुद्रिका फारशा मिळत नसत. महाराजांनी खर्च उचलला आणि वयोवृद्ध मेट्नर यांनी स्वतः पियानोवर बसून आपले तिन्ही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले. कृतज्ञ मेट्नर यांनी तिसरा कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. त्यांची गीतेही या योजनेत ध्वनिमुद्रित झाली. मेट्नर १९५१ साली निवर्तले. हे साहाय्य मिळाले नसते तर त्यांचे स्वतःचे वादन आज फारच थोडे ऐकावयास मिळाले असते.

याच संदर्भात ध्वनिमुद्रण निर्माते वॉल्टर लेग म्हैसूरला आले. त्यांनी १९४५ साली लंडनमध्ये फिलहार्मोनिया हा वाद्यवृंद स्थापन केला होता. पण त्याची आर्थिक घडी बसली नव्हती. महाराजांनी तीन वर्षे दरसाल दहा हजार पौंड देण्याचे मान्य केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम वर्षाला सुमारे एक लाख तेहतीस हजार रुपये होते. १९४८ साली ते फिलहार्मोनिया संगीत सभेचे पहिले अध्यक्ष झाले.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीसाठी म्हैसूर संस्थानात ‘म्हैसूर चलो’ आंदोलन पेटले होते. ऑक्टोबरमध्ये महाराजांनी ती मागणी मान्य केली आणि के. सी. रेड्डी यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर आले. सत्ता प्रजेच्या हाती जात असतानाच राजाचा पैसा लंडनच्या वादकांकडे जात होता. हा खर्च योग्य होता का, हा प्रश्न रास्त आहे. युद्धाने खंगलेल्या युरोपातील एका उत्कृष्ट वाद्यवृंदाला मात्र या पैशाने उभे राहण्यास बळ दिले, हेही तितकेच खरे.

जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांनी १९४८ साली, वयाची चौऱ्याऐंशी वर्षे गाठत असताना, सोप्रानो म्हणजे उंच पट्टीचा स्त्रीस्वर आणि मोठा वाद्यवृंद यांच्यासाठी चार गीते रचली. तीन हेरमान हेस यांच्या आणि एक आयशेनडोर्फ यांच्या कवितेवर. आपल्या ख्यालगायनात साथीची वाद्ये गायकाच्या मागोमाग चालतात. येथे तसे नाही. प्रत्येक वादकाचा प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. कधी व्हायोलिन एकटेच पुढे येते, कधी गायिकेचे शब्द संपल्यावर हॉर्न हे पितळी वाद्य गीत पुरे करते. विषय आयुष्याच्या सांजवेळेचा. शेवटच्या गीतात बासऱ्यांच्या कंपित स्वरांतून चंडोल पक्षी ऐकू येतात.

ही गीते प्रथम नॉर्वेच्या कर्स्टन फ्लागस्टाड यांनी गावीत, अशी श्ट्राउस यांची इच्छा होती. ८ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांचे निधन झाले. गीते त्यांनी स्वतः कधीच ऐकली नाहीत. प्रकाशकाने पुढे त्यांना ‘अखेरची चार गीते’ असे नाव दिले. पहिल्या प्रयोगासाठी महाराजांनी ४,८०० डॉलरची हमी दिली. अट एकच होती : कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करून त्याच्या तबकड्या म्हैसूरला पाठवाव्यात.

२२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये फ्लागस्टाड गायिल्या, तर विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांनी फिलहार्मोनियाचे संचालन केले. युद्धकाळातील वादांची छाया या दोघांवरही होती. फ्लागस्टाड यांच्या पतीला शत्रूशी सहकार्याच्या आरोपाखाली अटक झाली होती, तर फुर्टवेंग्लर यांना नाझीवादविषयक चौकशीला सामोरे जावे लागले होते. ज्यांच्यामुळे हा कार्यक्रम घडला, ते महाराज सभागृहात नव्हते. प्रजासत्ताक भारतात ते त्या वेळी म्हैसूर राज्याचे राजप्रमुख होते.

पाश्चात्य संगीताच्या या ध्यासामुळे ते कर्नाटक संगीताला पारखे झाले, असे समजणे चुकीचे ठरेल. म्हैसूर वासुदेवाचार्यांसारख्या श्रेष्ठ वाग्गेयकारांचा सहवास त्यांना लाभला. देवीच्या श्रीविद्या उपासनेत रमलेल्या महाराजांनी संस्कृतमध्ये ९४ कृती रचल्या. त्यांत ‘श्रीविद्या’ ही मुद्रा आहे. अठाणा रागातील त्यांची गणेशस्तुती दक्षिणेतील मैफलींत आवडीने गायिली जाते. दोन संगीतपद्धतींची सरमिसळ करण्याचा मोह मात्र त्यांनी टाळला. त्यांच्या कृती पूर्णपणे कर्नाटक परंपरेतीलच आहेत, आणि ही बाब विशेष म्हणावी लागेल.

१९५६ ते १९६४ या काळात ते म्हैसूर राज्याचे आणि त्यानंतर १९६६ पर्यंत मद्रासचे राज्यपाल होते. १९६६ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपले सन्माननीय सदस्यत्व दिले. वर्षाला २६ लाख रुपयांचा त्यांचा तनखा १९७१ च्या घटनादुरुस्तीने अन्य संस्थानिकांच्या तनख्यांबरोबर संपुष्टात आला. २३ सप्टेंबर १९७४ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बंगळुरूच्या राजवाड्यात त्यांचे निधन झाले.

लंडनमधील त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे सर्वांसाठी उपलब्ध झाले. तबकड्यांची खरखर इतकी आहे की काही ठिकाणी वाद्यवृंद पुसट होतो. फ्लागस्टाड यांचा आवाज मात्र त्यातूनही स्पष्ट ऐकू येतो.