एका बँक कारकुनाची प्रतीक्षा

माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत होतो. रविवारचे मुंबई-पुण्याचे अंक तिथे सकाळच्या एसटीने येत. कित्येक महिने मी दर रविवारी स्टँडवर जाऊन उभा राहत असे. पुरवणीतलं पुस्तक-परीक्षणाचं पान तिथेच उघडायचं, वरून खाली नजर फिरवायची आणि अंकाची घडी घालून घरी यायचं. बायको काही विचारत नसे. चहा पुन्हा गरम करून पुढे ठेवी. परीक्षण आलं नाही ते नाहीच.

पुढे बदली होऊन मुंबईला आलो. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर तेव्हा जुन्या पुस्तकांचे ढीग लागत. त्यात एका इटालियन कादंबरीचं इंग्रजी भाषांतर हाती आलं. लेखक इटालो स्वेव्हो. हा गृहस्थ अनेक वर्षं बँकेत कारकून होता, असं मलपृष्ठावर छापलं होतं. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी ते पुस्तक घेतलं.

त्याचं खरं नाव एत्तोरे श्मित्झ. जन्म १८६१ च्या डिसेंबरातला, ट्रिएस्ट या बंदराच्या शहरी. राज्य ऑस्ट्रियाचं, बोली इटालियन, घराणं ज्यू, वडिलांचं मूळ जर्मन आणि धंदा काचसामानाचा. बाराव्या वर्षी त्याला जर्मनीतल्या निवासी शाळेत धाडलं. इटालियन आणि जर्मन अशा दोन्ही मुळांना मान देणारं टोपणनाव त्याने पुढे घेतलं, ते यामुळेच. मोठं होऊन लेखक व्हायचं, हे मनाशी पक्कं होतं. पण १८८० मध्ये वडिलांचा धंदा बुडाला आणि अठराव्या वर्षी पोरगा व्हिएन्नाच्या एका बँकेच्या ट्रिएस्ट शाखेत चिकटला. काम जर्मन आणि फ्रेंच पत्रव्यवहाराचं. दिवसभर ठरावीक मायन्याची पत्रं लिहायची आणि संध्याकाळी सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन वाचत बसायचं, असा क्रम सुरू झाला.

१८९२ मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, 'एक आयुष्य'. नामांकित प्रकाशकाने नाकारल्यावर त्याने ती पदरच्या पैशाने छापली. तिचा नायक अल्फोन्सो खेड्यातून शहरात आलेला बँक कारकून आहे. नीतिशास्त्रावर आपण मोठा ग्रंथ लिहिणार, जग आपल्याला ओळखणार, या विचारात तो जगतो. ग्रंथ काही पुढे सरकत नाही. बँकेच्या मालकाच्या मुलीबरोबर तो कादंबरी लिहायला बसतो, तिच्या प्रेमात गुंततो आणि ऐन वेळी पळ काढतो. शेवटी आत्महत्या करतो. कादंबरी संपते बँकेच्या एका पत्राने. आमच्या कर्मचाऱ्याने असं का केलं याची आम्हाला कल्पना नाही, एवढंच त्यात कोरडेपणाने कळवलेलं असतं. तशी पत्रं मी स्वतः टाइप केलेली आहेत. ते पान वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

दुसरी कादंबरी १८९८ ची. तिचा नायक एमिलिओ विमा कंपनीत नोकरीला. तरुणपणी त्याने एक कादंबरी लिहिली होती आणि गावातल्या गावात तिचं थोडं कौतुकही झालं होतं. त्या जुन्या कौतुकावर तो अजून जगतो आहे. मान्यतेची भूक लागलेली अशी शिकली-सवरलेली माणसं स्वेव्होने चितारली, ती त्यांना न हसता आणि त्यांची कीवही न करता. आरशात पाहून लिहिल्यावर दुसरं काय होणार?

या पुस्तकाकडेही कुणी वळून पाहिलं नाही. तोवर लिव्हियाशी लग्न झालं होतं. १८९९ मध्ये बँक सोडून तो सासऱ्यांच्या कारखान्यात शिरला. जहाजांच्या पाण्याखालच्या भागाला लावायचा रंग तिथे बनत असे. साहित्याला रामराम ठोकल्याचं त्याने जाहीर केलं आणि हाती व्हायोलिन घेतलं. तरी कागदांवर चोरून काहीबाही उतरत राहिलंच. ही सवय सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

कारखान्याच्या कामासाठी इंग्रजी सुधारायची म्हणून त्याने १९०७ च्या सुमारास शिकवणी लावली. मास्तर पंचविशीतला, आयरिश, कायम पैशाच्या ओढगस्तीत. त्याच्या कथांच्या पुस्तकाला प्रकाशक मिळत नव्हता. नाव जेम्स जॉइस. मास्तरांनी आपली कथा नवरा-बायकोला वाचून दाखवली. मग शिष्याने संकोचत आपल्या दोन विसरलेल्या कादंबऱ्या त्यांच्या हाती ठेवल्या. जॉइसने त्या वाचल्या आणि मनापासून वाखाणल्या. दुसऱ्या कादंबरीतले काही उतारे तर त्याला पाठ होते. पुढे जॉइसच्या अपुऱ्या कादंबरीची प्रकरणं वाचून स्वेव्होनेही त्याला धीर दिला. जगाने न विचारलेल्या दोघांनी एकमेकांना विचारलं.

पहिल्या महायुद्धानंतर ट्रिएस्ट इटलीत गेलं. १९२३ मध्ये स्वेव्होची तिसरी कादंबरी आली, याही वेळी स्वखर्चाने. रोज शेवटची सिगारेट ओढणाऱ्या झेनोची ही कहाणी. पुन्हा तीच शांतता. त्याने एक प्रत पॅरिसला जॉइसकडे पाठवली. ती वाचून जॉइस खूश झाला आणि पुस्तक कोणाकोणाला पाठवायचं, ते त्याने कळवलं. त्यातून व्हालेरी लार्बो आणि बेंजामिन क्रेमिए या फ्रेंच समीक्षकांपर्यंत ते पोहोचलं. १९२५ च्या अखेरीस तरुण इटालियन कवी माँतालेने त्याच्यावर लेख लिहिला. १९२६ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या एका नियतकालिकाचा अंकच त्याच्यावर निघाला. तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता. पहिल्या पुस्तकापासून मोजलं तर तेहतीस वर्षं लोटली होती.

ते सुख जेमतेम अडीच वर्षं टिकलं. १९२८ च्या सप्टेंबरात गाडीला अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात तो गेला. मरताना त्याने सिगारेट मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा ही खरोखरच शेवटची ठरली असती, असं तो म्हणाल्याचं सांगतात. चौथी कादंबरी अपुरी राहिली.

आज मीही चौसष्ट वर्षांचा आहे. पॅरिसहून पत्र येण्याची वाट मी पाहत नाही. पण स्वेव्हो वाचल्यापासून एक गोष्ट मनात सलते. त्या तालुक्याच्या शाखेत आमचा एक शिपाई होता. एके दिवशी दुपारी त्याने माझ्या टेबलाशी येऊन विचारलं होतं की साहेब, तुमच्या कादंबरीतला तो थोरला भाऊ शेवटी गावी परत का गेला नाही? पुस्तक त्याने वाचनालयातून आणून दोनदा वाचलं होतं. काउंटरवर गर्दी होती. नंतर बोलू, असं म्हणून मी व्हाउचर पुढे ओढलं. नंतर काही बोललो नाही. माझं लक्ष रविवारच्या एसटीकडे होतं.

स्वेव्होने मात्र शिकवणीच्या मास्तराला ओळखलं होतं.