परमुलखातील आप्त

सोलापूर हे कापडाच्या गिरण्यांचे आणि हातमागाचे गाव. तेथील उन्हाळा साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. या गावी १० ऑक्टोबर १९१० रोजी एका मध्यमवर्गीय कुटुंबात द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. घरात भावंडे पुष्कळ होती. द्वारकानाथांना डॉक्टर व्हायचे होते, म्हणून शालेय शिक्षणानंतर काही वर्षांनी ते मुंबईस आले आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. या महाविद्यालयातील अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. इंग्रजी अमदानीत ही अट सामान्य नव्हती. तेथील विद्यार्थ्यांच्या मनात देशाभिमान आणि आपल्या कर्तबगारीवरचा विश्वास सहजच रुजत असे.

पदवी मिळाल्यावर द्वारकानाथ पुढील परीक्षेचा अभ्यास करू लागले. निरनिराळ्या देशांत जावे, तेथे वैद्यकी करावी, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. ही इच्छा अगदी अनपेक्षित रीतीने पूर्ण व्हायची होती.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. एकामागून एक शहरे पडू लागली. जखमींची संख्या वाढत गेली आणि त्यांच्यावर उपचार करण्यास डॉक्टर पुरेनात. तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला हाक दिली, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचे एक पथक धाडण्याचे ठरले. कोटणीसांनी आपले नाव दिले. चीनविषयी त्यांना फारशी माहिती नव्हती. मुलगा इतक्या दूर आणि तेही युद्धभूमीवर जाणार, म्हणून आईला दुःख झाले, पण वडिलांनी उत्तेजन दिले. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहन अटल होते. त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा केली होती. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे उरलेले तिघे होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ नावाच्या आगबोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले आणि त्याच महिन्याच्या मध्यास चीनमधील कँटन बंदरास पोहोचले. तेथे त्यांचे मोठे स्वागत झाले. परंतु युद्धाची आघाडी सारखी सरकत होती. त्यामुळे हान्काउ, इचांग असे मुक्काम करीत करीत ते चुंगकिंगला आले. तेथे पाचही जणांना चिनी नावे मिळाली. चिनी माणूस आडनाव आधी लावतो आणि ते बहुधा एकाक्षरी असते. कोटणीसांच्या आडनावातील पहिल्या अक्षराशी जुळणारे ‘के’ हे आडनाव त्यांना देण्यात आले आणि पुढे नाव आले ‘दी-हुआ’. पाचही जणांच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हा शब्द ठेवला होता. हुआ म्हणजे चीन. नाव देणे सोपे असते. त्या नावाला पात्र होण्यास मात्र कोटणीसांना पुढची चार वर्षे लागली, आणि त्यांच्या चरित्राचा खरा भाग तोच आहे.

चुंगकिंगला असतानाच घरून दुःखद वार्ता आली. ज्या वडिलांनी त्यांना धीर देऊन निरोप दिला होता, ते आता या जगात नव्हते. आई एकटी पडली होती, धाकटी भावंडे होती. सोबत्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. ते परतले असते तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. पण स्वीकारलेले काम अजून सुरूही झाले नव्हते. कोटणीस थांबले आणि पथकाबरोबर उत्तरेकडे निघाले. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनानला पोहोचले.

येनान हे पिवळ्या मातीच्या डोंगरांतील गाव. बाँबवर्षावाने त्याची मोडतोड झाली होती. लोक डोंगराच्या कुशीत खोदलेल्या गुहांत राहत आणि रुग्णालयही अशाच गुहांत भरत असे. या गुहा थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात गार असतात. पण बाहेरची थंडी अशी की पाण्याचे बर्फ व्हावे. सोलापूरच्या माणसाला हे सारे नवे होते. उत्तर चीनमधील शेतकऱ्यांच्या घरांत विटांचा एक रुंद ओटा असतो, त्यास कांग म्हणतात. त्याच्या पोटातून चुलीची ऊब फिरवलेली असते. घरातील सारी माणसे रात्री त्यावर ओळीने झोपतात आणि पाहुण्यासही त्यावरच जागा मिळते. अन्नही निराळे, आणि ते दोन काड्यांनी उचलून खायचे. गव्हाचे पीठ दुर्मिळ होते. रोजचे जेवण म्हणजे राळ्याची पेज किंवा भात. राळे हे धान्य आपल्याकडील कोरडवाहू मुलखातही होते. इतक्या दूरच्या देशात ओळखीचे असे तेवढेच काय ते कोटणीसांच्या ताटात होते.

राहणी अंगवळणी पडते, परंतु भाषेचे तसे नसते. पहिल्या दिवसांत भारतीय डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीसाठी दुभाषा लागे. डॉक्टरला दुभाष्यावाचून चालेनासे झाले की त्याचे अर्धे काम अडते. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे रुग्ण आपल्या भाषेतच सांगणार. त्याची भीती घालवणारा शब्दही त्याच्याच भाषेत बोलावा लागतो. म्हणून कोटणीसांनी चिनी भाषा शिकण्याचा निश्चय केला. ही भाषा परकीयाला फार अवघड जाते. तिच्यात आपल्यासारखी बाराखडी नाही. प्रत्येक शब्दाचे चिन्ह निराळे, आणि साधे वर्तमानपत्र वाचायचे तरी अशी दोन-तीन हजार चिन्हे ओळखावी लागतात. शिवाय उच्चारातील चढउतार बदलला की अर्थ बदलतो. ‘मा’ या एका अक्षराचा अर्थ सुराप्रमाणे आई, ताग, घोडा किंवा शिवी देणे असा होतो! नवख्याच्या तोंडून काय काय निघत असेल याची कल्पनाच करावी. परंतु जो चुकण्यास लाजत नाही त्याला भाषा लवकर येते, आणि ज्यांची भाषा शिकावी त्यांना त्याचे कौतुकच वाटते. काही काळातच कोटणीस रुग्णांशी त्यांच्या बोलीत बोलू लागले. पुढे ते चिनी वाचू लागले, लिहू लागले, आणि विद्यार्थ्यांना चिनी भाषेतून शस्त्रक्रियेचे पाठही देऊ लागले. लोक त्यांना के दाइफू म्हणत, म्हणजे के डॉक्टर.

पथक एका वर्षासाठी आले होते. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९ मध्येच मायदेशी परतले. उरलेले तिघे त्या वर्षाच्या नोव्हेंबरात येनान सोडून आघाडीकडे निघाले. पुढे प्रकृतीच्या कारणाने डॉ. अटलही परतले. कोटणीस आणि बसू मात्र शत्रूच्या ताब्यातील रेल्वेमार्ग ओलांडून शान्सी, चाहार आणि होपेइ या तीन प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ भागात गेले. १९४० च्या उन्हाळ्यात बसूंना येनानला बोलावणे आले. कोटणीसांनी तेथेच राहण्याचे ठरवले. आता हिंदी, इंग्रजी किंवा मराठी बोलणारा एकही देशबांधव आसपास नव्हता. परक्या देशात आपले लोक सोबत असले की माणूस त्यांच्यातच रमतो आणि भोवतालच्या जगाशी त्याचा संबंध वरवरचा राहतो. कोटणीसांना ती सोय उरली नाही. मित्र हवे असतील तर ते भोवतालच्या माणसांतच शोधावे लागणार होते.

ही माणसे म्हणजे सैनिक, परिचारक, विद्यार्थी आणि खेड्यांतील शेतकरी. तेथील रुग्णालय म्हणजे एखादी मोठी इमारत आणि पांढऱ्या खाटा असे चित्र कोणी डोळ्यांपुढे आणू नये. जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत ठेवीत. घरातील आजी त्यांना पेज भरवी, मुले पाणी आणीत आणि डॉक्टर घरोघर फिरून मलमपट्टी करीत. शत्रूची धाड येणार अशी बातमी आली की रुग्णांना डोल्यांवर आणि उपकरणांच्या पेट्या खेचरांवर घालून दुसऱ्या खोऱ्यात जावे लागे. गावकऱ्यांचा विश्वास नसेल तर असे रुग्णालय एक दिवसही चालायचे नाही. ज्या घरात आपला रुग्ण आहे त्या घराशी डॉक्टरचे नाते जुळलेच पाहिजे. कोटणीस गावकऱ्यांच्या दुखण्याखुपण्यास धावून जात, सुगीच्या दिवसांत त्यांच्या शेतात हात लावीत आणि ते खातील तेच खात. स्वतःसाठी निराळी सोय त्यांनी करून घेतली नाही.

१९४० च्या शरद ऋतूत त्या भागात मोठे रणकंदन झाले. जखमींची रीघ लागली. त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर कोटणीसांनी आणि त्यांच्या साहाय्यकांनी उपचार केले. एकदा तर सलग बहात्तर तास ते शस्त्रक्रियेच्या मेजापासून दूर झाले नाहीत.

या प्रदेशात त्यांच्यापूर्वी आणखी एक परदेशी डॉक्टर काम करून गेले होते. नॉर्मन बेथ्यून हे त्यांचे नाव. ते कॅनडाचे. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. तीस वर्षांचा एक भारतीय तरुण चिनी रुग्णालयाचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखालच्या लोकांना त्यात काही वावगे वाटले नाही, यावरून तो त्यांच्यात किती मिसळून गेला होता हे कळते. तेथील वैद्यकीय शाळेत ते शिकवीत. पुस्तके नव्हतीच, म्हणून शस्त्रक्रियाशास्त्रावर त्यांनी स्वतःच चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिले. एका पुस्तकाचे काम संपताच दुसरे हाती घेतले.

त्याच शाळेत गुओ चिंगलान नावाच्या एक तरुण शिक्षिका होत्या. पेकिंगच्या एका नामांकित रुग्णालयात त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. जून १९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांनी कोटणीसांना प्रथम पाहिले. हा परदेशी डॉक्टर आपली भाषा इतकी चांगली कशी बोलतो, याचे त्यांना नवल वाटले. पुढे दोघांचा स्नेह वाढला आणि २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव सुचवले ते तेथील सेनापती न्ये रुंगचेन यांनी. बापाच्या नावातला ‘हुआ’ मुलाच्याही नावात आला. त्याच्या आधी ‘यिन’ हा शब्द जोडला गेला, आणि यिन म्हणजे भारत. चुंगकिंगला समारंभाने मिळालेले नाव असे घरातले झाले.

हे सुख फार दिवस टिकायचे नव्हते. कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. चांगल्या औषधोपचारासाठी त्यांनी आघाडी सोडून जावे असा आग्रह सहकाऱ्यांनी केला. पण युद्ध चालू होते, शस्त्रक्रिया करणारे हात थोडे होते, आणि पुस्तकही अपुरे होते. ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. यिन्हुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. ज्या गावांत त्यांनी काम केले, त्या गावांतील माणसांनी त्यांना आपल्या मातीत निरोप दिला.

युद्धाचा तो काळ. तेथून सोलापूरला बातमी पोहोचणेही कठीण होते. पुढे त्यांची जीवनकथा भारतभर पसरली ती मुख्यतः चित्रपटामुळे. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः केली. यिन्हुआनेही वडिलांप्रमाणे वैद्यकाचा अभ्यास आरंभला होता, परंतु १९६७ साली ऐन तारुण्यात त्याचा मृत्यू झाला. गुओ चिंगलान दीर्घायुषी झाल्या. पतीच्या माणसांना भेटण्यासाठी त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, पुढे कितीतरी वर्षे मनांत कटुता राहिली, पण या कुटुंबाचे येणेजाणे त्या कटुतेने तुटले नाही. २०१२ साली त्यांचे निधन झाले. सोलापुरात आता डॉ. कोटणीसांचे स्मारक उभे आहे.

चीनमध्ये त्यांची समाधी होपेइ प्रांतातील शिजियाझुआंग शहरात आहे. तेथील हुतात्म्यांच्या उद्यानात डॉ. बेथ्यूनही विसावले आहेत. दरवर्षी एप्रिलच्या आरंभी चिनी लोक आपल्या पूर्वजांच्या समाध्यांकडे जातात, तेथील पालापाचोळा झाडतात आणि फुले वाहतात. त्या दिवसास चिंगमिंग म्हणतात. सोलापूरच्या या डॉक्टरची समाधीही त्या दिवशी झाडली जाते आणि तिच्यावर फुले येतात.