सभापतींची हमी

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो, तेव्हा पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराची एक ओळ असे. रक्कम किरकोळ, पण आमची कुरकुर मोठी. एका उन्हाळ्यात कर्जवसुलीसाठी खेड्यावर गेलो असता नाल्याच्या बांधावर चाळीसेक बायामाणसे माती टाकताना दिसली. सोबतचा शिपाई म्हणाला, हे हमीचे काम आहे. कापसाची वेचणी आटोपली की रानात काम नसते, मग चूल याच्यावर पेटते. माझ्या पगारातली कपात या बांधावर येऊन पडते, हे मला पुढे कळले. त्यामागे वि. स. पागे नावाचा माणूस उभा आहे, हे त्याहूनही पुढे.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० चा. गाव सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातले विसापूर. शिक्षण वकिलीचे, घडण स्वातंत्र्यलढ्यातली आणि ओढ संतवाङ्मयाची. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते.

आपल्या वैदर्भीयांना हे वरचे सभागृह तसे उशिराच भेटले. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात एकच सभागृह होते. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, तेव्हा दुसरे वाट्याला आले. त्याचे सदस्य ७८. त्यांपैकी ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. म्हणून तर वर्ध्याचा नगरसेवक चंद्रपूर-गडचिरोलीच्या सदस्यांबरोबर एका जागेसाठी मत देतो आणि माझ्यासारखा पदवीधर नागपूर विभागाच्या यादीत नाव नोंदवून मत देऊ शकतो.

पण या सभागृहाच्या हाती सत्ता बेताचीच. अर्थविषयक विधेयक चौदा दिवसांपलीकडे अडवता येत नाही. इतर विधेयक पहिल्या खेपेला तीन महिने, दुसऱ्या खेपेला एक महिना, एवढेच लांबवता येते. शेवटचा शब्द विधानसभेचा. त्यामुळे पडलेल्या पुढाऱ्यांची सोय लावण्याची ही जागा, अशी थट्टा मीही चहाच्या टपरीवर पुष्कळ केली आहे.

सभापतीचे हात तर आणखी बांधलेले. त्याने चर्चेत बाजू घ्यायची नाही. समसमान मते पडली तरच मत द्यायचे. मग अशा खुर्चीवरच्या माणसाने भुकेल्याच्या पोटाची काळजी वाहायची तरी कशी? पाग्यांनी वाट काढली ती सभागृहाबाहेर. ज्याला अंगमेहनत करायची आहे त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी मानावी, हा विचार त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवला. १९६५ साली स्वतःच्या तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. नाईक आपल्या पुसदचे. कोरडवाहू शेतीत वर्षाचे किती महिने हात रिकामे राहतात, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसेल.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि राज्यभर लाखो माणसे कामावर लोटली. योजना सुरू झाली, पण योजना आज आहे, उद्या नाही. हमी द्यायची तर पैशाची कायमची सोय हवी आणि पाठीशी कायदा हवा. १९७५ साली व्यवसाय कर आला, तो यासाठीच. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार थोडा उचलायचा आणि करातून जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. मजुरी कामाच्या मोजमापावर, बाई-पुरुष असा भेद न करता.

हिशेब मांडायची माझी सवय जात नाही. प्रयोगापासून कायदा अमलात येईपर्यंत चौदा वर्षे गेली. तेवढ्यात विधानसभेच्या तीन निवडणुका झाल्या, मुख्यमंत्री बदलले. विधान परिषद मात्र विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात, एवढेच. पुढच्या निवडणुकीच्या पलीकडे पाहायची उसंत या घराला असते. ती किती जण वापरतात हा प्रश्न वेगळा. पाग्यांनी ती वापरली. कायदा लागू झाला तेव्हा ते सभापतीही नव्हते.

योजनेत खोट शिरली नाही असे नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी रखडली, अर्धवट बांध पहिल्या पावसात वाहून गेले. पण हक्काने काम मागता येते, ही गोष्ट लोकांना एकदा कळली ती कळलीच. रिकाम्या हाताला काम हवे, हे सेवाग्रामात आणि आमच्या मगनवाडीत फार पूर्वी बोलले गेले होते. त्याला कायद्याचे बळ दिले विसापूरच्या या माणसाने. १९९० साली ते गेले. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

निवृत्त झाल्यावर जुन्या कागदांत पगाराची एक चिठ्ठी सापडली. व्यवसाय कराच्या ओळीवर बोट ठेवून मी नातीला त्या बांधाची गोष्ट सांगितली. आमची ती कुरकुर आठवून मला जराशी लाज वाटली. पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवायचे अनेक वर्षे राहूनच गेले होते. तो अर्ज मी त्याच आठवड्यात भरला.