लक्ष्मीबाईंची क्षमा

मराठी हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक कधी ना कधी भेटतेच. बहुतेकांच्या लक्षात राहतो तो त्यातला विनोद. पहिल्या वाचनात मीही पुष्कळ हसलो. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मात्र एक प्रश्न मनात घर करून बसला. ज्या नवऱ्यापायी या बाईंनी इतके सोसले, त्याच्याविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीला कडवटपणा कसा शिवला नाही?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे वेड. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याखेरीज चालायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी होते, बुद्धिमान होते, मनाने उदार होते आणि संसाराला सर्वस्वी निरुपयोगी होते. राग नाकावर, तो उतरायलाही वेळ लागत नसे. हातातला पैसा घरी पोचेपर्यंत टिकेलच असा भरवसा नाही. मनात आले की न सांगता गाव सोडायचे, आणि बायकोने कधी सासरी, कधी बहिणीकडे दिवस काढायचे. लिहिणे-वाचणे त्यांना शिकवले तेही याच टिळकांनी, हेही सांगायला हवे.

राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपीय गृहस्थ भेटला आणि त्याने त्यांच्या हाती बायबल ठेवले. तुकारामावर पोसलेले ते मन त्या पुस्तकात गुंतत गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विचारून नव्हे. मुलगा दत्तू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता.

सोवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण बाईचा नवरा ख्रिस्ती झाला याचा अर्थ आज आपल्याला नीट उमगणे कठीण आहे. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, आणि तरी घर नाही! लोकांनी कीव करावी, कुजबुजावे, कोणी तोंडावर बोलावे. लक्ष्मीबाई सैरभैर झाल्या. पुढची वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली, त्यांतली काही पंढरपुरात. त्यांच्या आरंभीच्या कविता याच विरहातून निघाल्या.

इथे टिळकांच्या बाजूचीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. धर्मांतरामुळे पत्नी नांदायला येत नसेल तर ख्रिस्ती झालेल्या पुरुषाला न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेता येईल, असा कायदा १८६६ साली झाला होता. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते वाट पाहत राहिले, पत्रे लिहीत राहिले. ज्याने अन्याय केला तोच दारात उभा राहून वाट पाहतो आहे, अशी ही अवघड परिस्थिती होती.

अखेर लक्ष्मीबाई गेल्या. त्या ख्रिस्ती होऊन गेल्या नाहीत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अहमदनगरला त्यांनी आपले सोवळे चालू ठेवले आणि टिळकांनी ते ठेवू दिले. धर्माच्या नावाने एकदा घर मोडलेला हा तापट माणूस या वेळी मात्र घाई करीत नव्हता. नगर-राहुरीच्या त्या दिवसांत एकदा बाईंच्या मनात विचार आला की देवाने जर जाती केल्या असत्या तर त्याची खूण माणसाच्या अंगावर दिसली असती. या जाती माणसांनीच केल्या असल्या पाहिजेत. तेव्हापासून त्या कोणाच्याही हातचे खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आपले घर ज्यांच्या धर्माने फोडले असे त्यांना वाटे, त्याच लोकांत त्या राहू लागल्या आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांच्या आई झाल्या.

प्रवचनांतून या कथेचा उपयोग झालेला मी ऐकला आहे. कोणी त्यांना पतिव्रता ठरवतो, कोणी ख्रिस्ती शिकवणीचे गोड फळ. दोघांच्याही बोलण्यात बाई हरवतात. त्या सहनशील मुळीच नव्हत्या. त्या भांडत, अडून बसत, नवऱ्याला तोंडावर सुनावीत. क्षमा म्हणजे विसरणे, असे आपण सहज बोलून जातो. या बाईंना तर सारे आठवत होते! कोणत्या दिवशी टिळक कसे निघून गेले, घरात काय नव्हते, कोण काय बोलले, सगळे त्यांनी म्हातारपणी लिहून काढले. येशूने पेत्राला क्षमेची मोजदाद ठेवू नकोस असे शिकवले. लक्ष्मीबाईंनी हिशोब चोख ठेवला, पण वसुलीला मात्र कधी गेल्या नाहीत.

हे मला पटायला एक कारण झाले. आमच्या घरी बांधाच्या वादावरून दोन भावांचे बोलणे बारा वर्षे बंद होते, आणि जो तो म्हणे की दुसऱ्याने आधी चूक कबूल करावी. लक्ष्मीबाई अशा कबुलीसाठी थांबल्या असत्या तर दत्तूला बाप मिळाला नसता. टिळकांना आपल्या श्रद्धेचा पश्चात्ताप कधीच व्हायचा नव्हता. त्यांच्या दृष्टीने ती चूक नव्हतीच. समोरचा चूक मानत नसताना क्षमा करायची, तर ती कशाच्या बळावर? ख्रिस्ताने क्रुसावरून मारेकऱ्यांसाठी प्रार्थना केली तेव्हा त्यांनीही चूक मानलेली नव्हती. बाईंना हा विचार आधी सुचला की नंतर, कोण जाणे. पाऊल मात्र त्यांनी आधीच टाकले होते.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे ‘ख्रिस्तायना’चे काम त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतले होते; ते आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते अर्धे राहिलेले काव्य पुढे चालवले आणि उरलेल्या अध्यायांपैकी शेवटचा वगळता बाकीचे सारे लिहिले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, आणि चौथा भाग त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला.