जनतेच्या पैशाचे राखणदार : दादासाहेब मावळंकर

देशाचा कारभार चालवण्यासाठी सरकारला दोन गोष्टी लागतात : कायदे आणि पैसा. लोकशाहीत या दोन्ही गोष्टी सरकारला संसदेकडून मिळवाव्या लागतात. संसदेने त्या डोळे मिटून दिल्या, तर लोकशाही केवळ नावापुरती उरते. स्वतंत्र भारताच्या संसदेने प्रश्न विचारावेत, हिशेब मागावा आणि कायद्यातील प्रत्येक शब्द पारखून घ्यावा, यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. लोक त्यांना आदराने 'दादासाहेब' म्हणत.

दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोदे येथे एका मराठी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. राजापूर आणि इतर ठिकाणी आरंभीचे शिक्षण घेऊन ते १९०२ मध्ये अहमदाबादला गेले. तेथील गुजरात कॉलेजातून ते १९०८ मध्ये पदवीधर झाले. पुढे मुंबईत कायद्याचा अभ्यास पूर्ण करून १९१३ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वकिली सुरू केली. घरात मराठी आणि कार्यक्षेत्रात गुजराती, अशा दोन्ही भाषांत त्यांचे जीवन फुलले.

वकिलीत जम बसत असतानाच महात्मा गांधी आणि सरदार वल्लभभाई पटेल यांच्या सहवासाने ते स्वातंत्र्यलढ्याकडे ओढले गेले. असहकाराच्या चळवळीत त्यांनी चालती वकिली बाजूला ठेवली. पुढे अनेकदा तुरुंगवास भोगला. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या मनातील माणुसकीचे दर्शन त्यांनी एका गुजराती पुस्तकात घडवले आहे. अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. नगरपालिकेचा पैसा हा करदात्यांच्या खिशातून येतो, हे या कामात त्यांनी जवळून पाहिले.

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. इंग्रज सरकारचा पाठिंबा प्रतिस्पर्धी उमेदवाराला होता. दादासाहेबांना ६६ मते पडली, तर प्रतिस्पर्ध्याला ६३. केवळ तीन मतांनी मिळालेला हा विजय सरकारच्या दृष्टीने मोठा पराभव होता. स्वातंत्र्यानंतर कायदे करणाऱ्या संविधान सभेचे आणि १९५० पासून हंगामी संसदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १५ मे १९५२ रोजी, लोकसभेने त्यांना आपले पहिले अध्यक्ष निवडले.

खरी कसोटी यापुढेच होती. परक्या सरकारला जाब विचारणे वेगळे आणि आपल्याच सहकाऱ्यांच्या सरकारला जाब विचारणे वेगळे. सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. विरोधी सदस्य मोजके आणि विखुरलेले होते. अशा वेळी मंत्र्यांनी आणलेले प्रत्येक विधेयक सहज संमत होण्याचा धोका होता. म्हणून दादासाहेबांनी प्रश्नोत्तराच्या तासाला महत्त्व दिले आणि लहान पक्षांच्या सदस्यांनाही बोलण्याची संधी मिळेल याकडे लक्ष पुरवले.

मात्र शेकडो सदस्यांच्या सभागृहात प्रत्येक खर्चाची बारकाईने छाननी होणे शक्य नसते. ते काम लहान समित्याच करू शकतात. लोकलेखा समिती इंग्रजी अमदानीत १९२१ पासून होती. परंतु तिचे अध्यक्ष सरकारचे अर्थसदस्यच असत. म्हणजे खर्च करणाराच हिशेब तपासणार! १९५० मध्ये हे चित्र पालटले आणि ही समिती संसदेची झाली. नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालांच्या आधारे, मंजूर केलेली रक्कम ठरलेल्या कामासाठीच खर्च झाली का, हे ती तपासते. त्याच वर्षी अंदाज समिती स्थापन झाली. सरकारच्या अंदाजपत्रकात काटकसर कोठे करता येईल, हे ती सुचवते.

१९५३ मध्ये आणखी दोन समित्या आल्या. मंत्री सभागृहात आश्वासन देतात आणि ते पुढे विसरले जाते, असे होऊ नये म्हणून आश्वासन समिती नेमण्यात आली. संसद कायदा करते, पण त्याखालील नियम सरकारी खाती तयार करतात. हे नियम कायद्याची मर्यादा ओलांडत नाहीत ना, हे पाहण्याचे काम उपविधान समितीकडे आले.

संसदेचे अधिवेशन चालू नसताना सरकारला अध्यादेश काढता येतो. परंतु ही सवलत निकडीच्या प्रसंगासाठीच असावी, असे दादासाहेबांचे ठाम मत होते. सरकार वारंवार अध्यादेश काढू लागले, तेव्हा त्यांनी पंतप्रधान पंडित नेहरूंना पत्र लिहून आपली नापसंती कळवली. नेहरूंविषयी त्यांच्या मनात आदर होता, पण संसदेचा मान त्यांना त्याहून मोठा वाटत होता.

त्यांच्यावरही टीका झाली. विरोधकांच्या काही सूचना त्यांनी नाकारल्या, तेव्हा ते पक्षपाती असल्याचा आरोप झाला. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेला आला. त्या चर्चेच्या वेळी उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी सभागृहाचे काम चालवले. ठराव फेटाळला गेला. परंतु अध्यक्षालाही सभागृहापुढे जाब द्यावा लागतो, ही गोष्ट त्या दिवशी देशाला दिसली.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अध्यक्षपदावर असतानाच अहमदाबाद येथे त्यांचे निधन झाले. लोकसभेचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो.

त्यांच्या काळात उभ्या राहिलेल्या समित्या आजही काम करीत आहेत. १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षातील सदस्याकडे देण्याची प्रथा पडली. १९९३ मध्ये विविध खात्यांसाठी स्थायी समित्या निर्माण झाल्या. काड्यापेटीपासून कापडापर्यंत अनेक वस्तू विकत घेताना आपण सारे कर भरतो. त्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क आपल्या वतीने संसद बजावते. हा हक्क कागदावर न राहता रोजच्या कामकाजात उतरावा, म्हणून दादासाहेब मावळंकर अखेरपर्यंत झटले.